टोपलीपेक्षा राखी बरी
कला आणि कमाई : भाग 6

अकोला घ्या की अमरावती, बुरुडाच्या हातातलं कसब कधी कमी पडलं नाही. सूप, टोपली, कोंबड्या झाकायची डाल, धान्याची कणगी, बैलगाडीचे तट्टे, सगळं त्याच हातचं. तरी धंदा बसला. प्लॅस्टिकनं खाल्ला, असं म्हणून आपण मोकळे होतो. ते खरं आहे, पण अर्धंच. टोपलीला बांबू भरपूर लागतो, दुकानात ती जागा अडवते आणि गिऱ्हाईक तिची किंमत ताडून पाहतं ती शेजारच्या प्लॅस्टिकच्या टोपलीशी. कारागिराची मजुरी मरते ती तिथं.

मेळघाटात हे गणित उलटं मांडलं गेलं. सुनील आणि निरुपमा देशपांडे हे दांपत्य 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात धारणी तालुक्यातल्या लवाद्याला येऊन राहिलं आणि तिथं संपूर्ण बांबू केंद्र उभं झालं. बांबूचा नाद लागला तो नागपूरच्या विनू काळेंमुळे, ‘वेणू भारती’ हे पुस्तक लिहिणारे तेच. केंद्रात कोरकू तरुण-तरुणी शिकत गेले. खुर्च्या झाल्या, दिवे झाले, बांबूची घरं झाली. पण बाहेरच्या जगानं लवादा ओळखलं ते मुख्यतः बांबूच्या राखीमुळे. सुनीलभाऊ 2021च्या मे महिन्यात गेले.

राखीच का? एका टोपलीच्या बांबूत राख्यांचा ढीग होतो. शंभर राख्या एका पिशवीत मावतात, धारणीहून अमरावती दीडेकशे किलोमीटर घाटरस्त्यानं, पण वाहतुकीचा बोजा नाही. आणि राखी घेणारा तिची तुलना बादलीशी करत नाही, दुसऱ्या राखीशी करतो. म्हणजे किंमत ठरते ती नक्षीवर, रंगावर, मेळघाटच्या नावावर. कलेला पैसे मिळायचे असतील तर मालात सामान कमी आणि हात जास्त असावा लागतो. माझ्या मते या लेखमालेतलं हे सर्वांत कामाचं सूत्र आहे, आणि ते रांगोळी, मेंदी, वारली चित्रं यांनाही लागू पडतं.

आता अडचणी. पहिली कच्च्या मालाची. बांबू शास्त्रानं गवत, पण 1927च्या वन कायद्यानं त्याला झाडांत बसवलं. तोडायला परवाना, न्यायला वाहतूक पास. 2017 साली कायद्यात दुरुस्ती झाली, पण तीही वनाबाहेरच्या बांबूपुरती. शेताच्या बांधावर लावलेला बांबू मोकळा झाला, जंगलातला नाही. 2006च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं आणि त्या बळावर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2011 मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक पास हाती घेतले. मेळघाटचं दुखणं आणखी वेगळं. 1974 पासून इथं व्याघ्र प्रकल्प आहे. कारागिराच्या घरामागं बांबूचं रान असतं आणि त्यातल्या काडीला हात लावायची सोय नसते.

दुसरी अडचण किडीची. मानवेल जातीचा बांबू दिसायला भरीव आणि दणकट, पण त्यातल्या पिष्टावर भुंगेरे टपलेले असतात. म्हणून तीन वर्षं झालेला बांबू पावसाळा सरल्यावर तोडायचा, बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवायचा, मग सावलीत सुकवायचा. हे टाळलं की सहा-आठ महिन्यांत खुर्चीखाली पिवळी भुकटी दिसू लागते आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. राखीला हा जाच कमी, तिचं आयुष्यच चार दिवसांचं.

पण तीच तिची खोडही आहे. श्रावणी पौर्णिमा झाली की उरलेली राखी मातीमोल. माल उन्हाळ्यापासून बनवत राहायचं, मजुरी दर आठवड्याला द्यायची आणि पैसा यायचा तो श्रावणात, तोही दुकानदारानं उधारी चुकती केली तर. घरच्या घरी राखी, पणती किंवा आकाशकंदील करणारे बहुतेक बुडतात ते इथं, नक्षी वाईट असते म्हणून नव्हे. उपाय दोन. ऑर्डर घेतानाच काही रक्कम आगाऊ मागायची; लाज वाटते, तरी मागायची. आणि वर्षभर खपणारी एखादी वस्तू, पेनस्टँड म्हणा, दिवा म्हणा, जोडीला ठेवायची.

भांडवलासाठी सावकाराआधी एक दार ठोठावावं. 17 सप्टेंबर 2023 पासून सुरू असलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत टोपल्या-चटया विणणारेही आहेत. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि तारणाविना आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत कर्ज, 5 टक्के व्याजानं. नोंदणी गावातल्या सामायिक सेवा केंद्रात होते. आधार, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत न्या.

पुढच्या आठवड्यात : आगाऊ रक्कम मागायची कशी आणि पावतीवर काय लिहायचं.