घरातली जनावरं (लेखांक ७) : एका माडीवरची दोन मांजरं

नृसिंहवाडीत पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष नदीकडे असतं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या गावात पाणी वाढलं की ते दत्ताच्या देवळात शिरतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडतं. मग दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला भाविकांची रीघ लागते. पाणी त्याहून वर चढलं तर मात्र घर सोडायची वेळ येते. २००५, २०१९ आणि २०२१ साली शिरोळ तालुक्यानं ती वेळ पाहिली आहे. सामान माडीवर चढतं, किंवा बिऱ्हाड जयसिंगपूरकडच्या पाहुण्यांकडे हलतं आणि त्याच्याबरोबर घरचं मांजरही बुट्टीत घालून निघतं. पाहुण्यांकडे आधीच एक मांजर असतं. एरवी सोपा, परडं आणि शेजारपाजारची कौलं एवढा मुलूख वापरणारी दोन जनावरं एका खोलीत कोंडली जातात आणि फिस्कारणं सुरू होतं. घरची माणसं मग त्यांची दोस्ती जमवायच्या खटपटीला लागतात. माझ्या मते चूक इथंच होते. दोन मांजरांची मैत्री जमवणं आपल्या हातात नसतं आणि त्याची गरजही नसते. त्यांना एकमेकांना टाळता येईल अशी सोय करणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं.

असं का, हे समजायला मांजराचं मूळ पाहावं लागतं. पाळीव मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलं, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं पक्कं झालं. हे रानमांजर एकट्यानं शिकार करणारं आहे. त्याची शिकार एवढीशी, एका पोटापुरती, त्यामुळे कळप करून त्याला काही फायदा नाही. कळपातल्या जनावरांकडे भांडण मिटवण्याच्या रीती असतात. हरणारा मान तुकवतो, जिंकणारा थांबतो. मांजराकडे अशी रीत जवळपास नाहीच. तंटा टाळायचा त्याचा एकमेव भरवशाचा उपाय म्हणजे निघून जाणं. पुरात माडीवर अडकलेल्या मांजराचा नेमका हाच उपाय आपण काढून घेतलेला असतो.

यावर पहिला आक्षेप वाडीतलं कोणीही घेईल. पेढे-बासुंदीच्या दुकानांमागे, खव्याच्या भट्टीच्या आसपास, एका ठिकाणी पाच-सहा मांजरं सुखानं नांदताना दिसतात, मग घरातल्या दोघांनाच काय धाड भरली? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर अभ्यासातून मिळतं. शेतवाड्यांवरच्या आणि मोकाट मांजरांचं निरीक्षण करणाऱ्यांना दिसलं, की खाणं मुबलक असेल तिथं मांजरं गट करतात, पण त्या गटाचा गाभा नात्यातल्या भाट्यांचा असतो. आई, लेकी, मावश्या एकमेकींची पिल्लंही पाजतात. परकं मांजर आलं तर तिथंही त्याला हुसकावलं जातं. शिवाय ज्याला पटत नाही त्याला दुसरी गल्ली मोकळी असते. पाहुण्यांच्या माडीवर नातंही नसतं आणि दुसरी गल्लीही नसते. त्यात स्वभावाचा फरक पडतो. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना ज्यांच्या सहवासात वाढतं, त्यांना ते पुढं आपलं मानतं. या काळात इतर मांजरांत वाढलेलं पिल्लू मोठेपणी संगत शोधतं, एकटं वाढलेलं बहुधा शोधत नाही. म्हणून अंगावर उड्या मारणारा वर्षाचा बोका आणि कोपरा धरून बसणारी दहा वर्षांची भाटी यांत वाईट कोणीच नसतं, दोघांच्या गरजाच वेगळ्या असतात.

ताण ओळखण्यातही गफलत होते, कारण आपण आवाजाची वाट पाहतो. अमेरिकेत एकाहून जास्त मांजरं असलेल्या सुमारे अडीच हजार घरांची एक पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तीत वैराचं सर्वांत जास्त वेळा दिसणारं लक्षण निघालं ते टक लावून पाहणं. माडीच्या जिन्यावर हे कसं घडतं ते नीट बघावं. बोका मधल्या पायरीवर आडवा बसलेला असतो, काहीच घडत नाही अशा थाटात. वरून भाटी येते, दोन पायऱ्या अलीकडे थबकते. बोका मान न हलवता तिच्याकडे बघत राहतो. तिचे कान किंचित बाजूला वळतात, शेपटीचं टोक हलतं, ती उगाच आपली कूस चाटू लागते आणि मग आल्या वाटेनं परत जाते. आवाज नाही की ओरखडा नाही. पण खाणं खाली असेल तर ती उपाशी राहिली आणि वाळूचं घमेलं खाली असेल तर तिनं लघवी रोखून धरली. घरच्यांना वाटतं, दोघं कशी शहाण्यासारखी राहतात!

एकदा भांडू दे, आपापसात ठरवतील, असा सल्ला वडीलधारी मंडळी देतात. हा सल्ला गैरलागू आहे, कारण हार मान्य करण्याची रीतच नसल्यामुळे मांजरांच्या भांडणातून काही ठरत नाही, प्रत्येक झटापट पुढच्या झटापटीचं बीज होते. चाव्याच्या जखमा वरून बारीक दिसतात, पण आत पू धरतो. ओळख करून देण्याचा खरा मार्ग वासाचा आहे. मध्ये बंद दार, एकाच्या गालावर फिरवलेलं फडकं दुसऱ्याच्या जागी, दाराच्या दोन्ही अंगांना खाणं, मग दाराची फट, असं करत आठवडे जातात. पुरात एवढी सवड नसते. म्हणून आठ-दहा दिवसांच्या मुक्कामात ओळख करून देण्याचा घाटच घालू नये. पाणी ओसरेपर्यंत दोघांना वेगळंच ठेवावं.

पण वेगळं ठेवायला जागा कुठं आहे, हा सगळ्यांत वजनदार आक्षेप आहे. माणसांनाच पाठ टेकायला जागा नसते, हे खरंच. मात्र मांजर जागा चौरस फुटांत मोजत नाही. बर्नस्टीन आणि स्ट्रॅक या दोघींनी एकाच घरातल्या १४ मांजरांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. त्यात भांडणं फारशी दिसली नाहीत, आणि एकच आवडती जागा वेगवेगळी मांजरं वेगवेगळ्या वेळी वापरत होती. म्हणजे जागा वेळेनंही वाटता येते. सकाळी एक मोकळं आणि दुसरं न्हाणीघरात किंवा खोलीत बंद, दुपारनंतर उलट. खोली एकच असेल तर जुनी साडी आडवी बांधून निदान नजर तोडावी, कारण तंट्याची सुरुवात नजरेतून होते. कपाटाचा माथा, फळी, धान्याची पेटी या उंच जागा एकाला मिळाल्या की तेवढ्याच खोलीत दोन मजले होतात. लपायला खोकं द्यायचं तर त्याला दोन तोंडं ठेवावीत. एकाच तोंडाच्या खोक्यात आतलं मांजर कोंडीत सापडतं. वाळू किंवा लाकडाचा भुसा घातलेली दोन घमेली, जमल्यास तीन, लांब लांब ठेवावीत. शेजारी ठेवलेली दोन घमेली मांजराच्या लेखी एकच, आणि वाट अडवणाऱ्याला ती दोन्ही एकदम अडवता येतात. एका ताटलीत दोघांना दूध ओतून प्रेम वाढतं, ही समजूत सोडून द्यावी.

खेळकर बोक्याला मात्र नुसतं बंद करून भागत नाही. त्याला संगत हवी असते आणि ती माणसानं द्यावी. सुतळीला बांधलेला चिंधीचा बोळा दिवसातून दोन-तीन वेळा दहा मिनिटं नाचवला, तर म्हाताऱ्या भाटीच्या मागं लागण्याची त्याची हौस बरीच कमी होते.

घरी परतल्यावर आणखी एक अडचण उभी राहते. भिंती-दारांवर गाल घासून मांजरांनी केलेल्या खुणा पाण्यानं आणि गाळानं धुऊन नेलेल्या असतात. मग एकाच घरात वाढलेली दोन मांजरंही एकमेकांवर परक्यासारखी फिस्कारतात. अशा वेळी त्यांच्या अंगाखालची वाकळ लगेच धुवायला काढू नये. घरात ओळखीचा तेवढाच वास उरलेला असतो. फिनेलनं फरशी पुसली असेल तर ती पूर्ण वाळेपर्यंत मांजरांना लांब ठेवावं. मांजराच्या यकृताला फिनेलमधलं विष नीट पचवता येत नाही.

माणसांचे एवढे हाल होत असताना मांजरांच्या रुसव्याफुगव्यांचं काय, असंही कोणी म्हणेल. पण हा रुसवा नव्हे, यातून आजार होतो. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्यानं ती तुंबू शकते. तेव्हा उन्हाळ्यातच बोक्याची नसबंदी करून घ्या. मारामाऱ्या आणि घरात लघवी फवारणं बहुतेक बोक्यांत त्यानं कमी होतं. आणि पुराच्या धामधुमीतही बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसून कण्हताना दिसला, लघवीचा थेंब पडत नसेल, तर पाणी ओसरायची वाट पाहू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठा, रस्ता बंद असेल तर निदान फोन लावा. तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो.