जखम सुकवावी की ओलसर ठेवावी?

खरचटले, कापले की आपल्याकडे पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. मग जखम उघडी ठेवायची, वारा लागू द्यायचा आणि खपली धरली की निश्चिंत व्हायचे. यातला वाऱ्याचा भाग आता विसरायला हवा.

१९६२ साली डॉ. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लॅस्टिकखाली ओलसर राखल्या. ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. त्वचेच्या पेशी जखमेच्या कडेने आत सरकत येतात. वर कडक खपली असेल तर त्यांना तिच्या खालून वाट काढावी लागते.

हा ओलावा राखण्याचे काम हायड्रोजेलची पट्टी करते. चायना ग्रासच्या वडीसारखी ही लुसलुशीत चकती बहुतांशी पाणीच असते. सूक्ष्म जाळीत ते धरलेले असते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशी पट्टी विकसित झाली. गॅमा किरणांनी जाळी विणली जाते आणि त्याच वेळी पट्टी निर्जंतुकही होते. ही पट्टी भाजलेल्या जागी गारवा देते आणि काढताना गॉजसारखी चिकटून नवी कातडी ओरबाडत नाही.

याच जाळीत कोरफड, मंडूकपर्णी, हळद यांचे अर्क भरून ते जखमेत हळूहळू सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. हळदीची अडचण अशी की तिच्यातले करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म कण करून ते जेलमध्ये मिसळावे लागतात. यातले बरेच प्रयोग अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांवरच झालेले आहेत. जखमेवरील हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये आपण रद्द करवले, याचा अभिमान जरूर बाळगावा; पण त्याने उपाय जुना आहे एवढेच ठरले, किती गुणकारी आहे ते नव्हे.

तेव्हा डब्यातली हळद उघड्या जखमेत भरू नये. ती निर्जंतुक नसते. स्वच्छ पाण्याने जखम धुवावी, झाकावी, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. फार पाझरणाऱ्या जखमेला जेलची पट्टी चालत नाही. भोवतालची कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी होते. मधुमेहींनी पायाची जखम, दुखत नसली तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. नसा बधिर झाल्या की दुखणे कळतच नाही.