पोर्तुगीज ताटावर ज्येष्ठांची जागा

सातारा-सांगलीच्या मंडईत आपण रोज कोबी, बटाटा आणि अननस मागतो, येताना बेकरीतून पाव घेतो. हे चारही शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाले आहेत. तरीही 'पोर्तुगीज जेवण' म्हटले, की ते घरातील ज्येष्ठांच्या कामाचे नाही, असे आपण धरून चालतो. गोव्याच्या सहलीत तरुण मंडळी पणजीतील एखाद्या जुन्या उपाहारगृहात जेवायला जातात आणि आजी-आजोबांसाठी मुक्कामाच्या खोलीवर दहीभात मागविला जातो. यामागचा हेतू काळजीचाच असतो. पण वयाबरोबर भूक मंदावलेल्या माणसाला चार घास अधिक खायला लावते ती बहुधा पंगत, आणि नेमकी तीच आपण त्यांच्यापासून काढून घेतो.

गोव्यात 'पोर्तुगीज' या पाटीखाली दोन निरनिराळे स्वयंपाक नांदतात. एक खुद्द पोर्तुगालचा. त्यात ऑलिव्ह तेल, लसूण, कांदा, उकडलेला बटाटा आणि मासे असतात, मिरची जवळजवळ नसतेच. दुसरा, १५१० ते १९६१ या साडेचार शतकांत गोव्याच्या ख्रिस्ती घरांत घडलेला. नारळ, माडाचा शिरका, मिरची, मसाले आणि मांस यांचा तो मिलाफ आहे. ज्येष्ठांना तिखट सोसत नाही म्हणून जे कुटुंब पोर्तुगीज जेवण टाळते, त्याला पहिल्या प्रकारची बहुधा कल्पनाच नसते.

या पहिल्या प्रकारातील दोन सूप मुद्दाम माहीत करून घ्यावीत. 'काल्दो वेर्दे' म्हणजे हिरवे सूप. शिजवून घोटलेल्या बटाट्यात कोबीच्या कुळातील हिरवी पाने बारीक चिरून घालतात. गोव्यात त्या पानांऐवजी पुष्कळदा पालक वापरतात. वर सॉसेजची एखादी चकती ठेवण्याची रीत आहे. ती नको असे सांगता येते. दुसरे 'कांजा', म्हणजे कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला मऊ भात. पोर्तुगालमध्ये आजाऱ्याला आणि बाळंतिणीला हेच देतात. हा शब्द तिकडे गेला तो दक्षिण भारतातील 'कांजी'वरून. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात भाताच्या या पेजेची दखल घेतली आहे. आपली पेज समुद्रापार जाऊन पथ्याचे अन्न म्हणून तिथे रुजली आणि आज परक्या नावाने खाद्यसूचीत परत आली आहे. कांजा हे नाव सूचीत नसले, तरी जुन्या घरगुती उपाहारगृहात विचारून पाहायला हरकत नाही.

अशी उपाहारगृहे कुठे शोधायची? पणजीतील फोंतेन्यास ही जुनी वस्ती आरंभासाठी उत्तम. हॉर्सशू, विवा पणजी, वेनिते ही तेथील परिचित नावे. वेनितेला लाकडी जिना चढून वरच्या मजल्यावर जावे लागते, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी तो बेत सोडावा. त्या भागातील गल्ल्याही अरुंद आहेत, वाहन दारापर्यंत जाईलच असे नाही. दूरध्वनी करून तळमजल्यावर बैठक आहे का, स्वच्छतागृहाला पायऱ्या आहेत का, हे आधी विचारून घ्यावे. चवीची चौकशी त्यानंतर.

अस्सलपणाची परीक्षा खाद्यसूचीवरूनच बरीचशी होते. जिथे पंजाबी, चायनीज आणि पोर्तुगीज एकाच सूचीत दाटीने बसले आहेत, तिथून निघावे हे बरे. 'विंदालू' हा पदार्थ आणखी चांगली कसोटी आहे. त्याचे मूळ पोर्तुगीज नाव द्राक्षाची दारू आणि लसूण यांवरून पडले. गोव्यात दारूच्या जागी शिरका आला. नावातील 'आलू'चा बटाट्याशी काही संबंध नाही, म्हणून विंदालूत बटाट्याच्या फोडी दिसल्या तर स्वयंपाकी परगावचा समजावा. 'काफ्रियाल' ही हिरव्या वाटणातील कोंबडी पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतील मोझांबिकहून गोव्यात आली. ती लालभडक पुढे आली, तर वेगळे सांगायला नको. शिरका माडाचा की बाटलीतला रासायनिक, हेही विचारावे. चांगल्या घरचा वाढपी या प्रश्नाने सुखावतो.

आता पथ्याकडे वळू. या जेवणात ज्येष्ठांना खरा धोका तिखटाचा नसून मिठाचा आहे, आणि तो जिभेला जाणवत नाही. 'बाकाल्याव' हा पोर्तुगालचा लाडका मासा म्हणजे मिठात मुरवून वाळवलेला कॉड. शिजवण्यापूर्वी तो एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. भिजवणे कमी पडले, तर सारे मीठ ताटात उतरते. गोव्याचे शोरीस सॉसेज आणि कोळंबीचे बालशांव हे तर टिकविण्यासाठीच खारवलेले पदार्थ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका चमच्याहून थोडे कमी मीठ सुचविते. रक्तदाब, हृदयाची दुर्बलता किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे तीन पदार्थ दुसऱ्याच्या ताटातून घासभर चाखावेत, स्वतःसाठी मागवू नयेत.

वारफारिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर हिरव्या पानांतील 'के' जीवनसत्त्वाचा त्याच्याशी संबंध येतो. वाटीभर काल्दो वेर्देने घाबरण्याचे कारण नाही; एरवी पालेभाजी कमी खाणाऱ्याने सहलीत ती एकदम रोज खाणे टाळावे. गाऊट असलेल्यांनी कोळंबी-तिसऱ्यांपासून दूर राहावे. वरची कवळी बसवलेल्यांना टाळूशी काटा लवकर कळत नाही, त्यांच्यासाठी सुरमईचा मधला तुकडा मागवून काटा घरच्यांनीच काढून द्यावा. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर पातळ रश्श्यापेक्षा दाट सूप बहुधा सोपे जाते, पण याबाबत डॉक्टरांनी घालून दिलेला नियम प्रवासातही मोडू नये. कोरडी पोळी घशात अडकते तशीच गोव्याची पोईही. ती सुपात भिजवून द्यावी. पोर्ट वाइनचा पेला पुढे आला, तर झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी नम्रपणे परत करावा.

शाकाहारी वाचकांनाही या ताटावर जागा आहे. सॉसेजशिवाय आणि मांसाच्या पाण्याशिवाय केलेले काल्दो वेर्दे, तसेच भाज्यांचे काल्दीन त्यांना मागविता येईल. काल्दीन म्हणजे नारळाच्या दुधातील सौम्य पिवळा रस्सा, सांगलीकरांना ओळखीच्या हळदीचा. मात्र नारळाचे दूध पचायला जड असते, रात्री त्याची लहान वाटीच घ्यावी.

वेळेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. गोव्यातील पुष्कळ उपाहारगृहे दुपारच्या जेवणानंतर मिटतात ती संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. काहींची रविवारी सुट्टी असते. संध्याकाळी सातला इन्सुलिन टोचून निघालेल्या ज्येष्ठांना जेवण साडेआठला मिळाले, तर साखर घसरण्याची भीती असते. जेवणाआधीचे इन्सुलिन किंवा गोळी घड्याळाकडे पाहून न देता अन्न समोर येण्याच्या बेताने कशी द्यावी, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावे, आणि पिशवीत बिस्किटे व साखर ठेवावी. खरे तर बाहेरचे जेवण दुपारीच घ्यावे हे उत्तम. स्वयंपाक ताजा असतो आणि पचायला उरलेला दिवस मिळतो.

प्रवासाचाही थोडा विचार हवा. निपाणी-आजरामार्गे आंबोली घाटाची वळणे ज्यांना सोसत नाहीत, त्यांच्यासाठी सातारा, सांगली, मिरज मार्गाने जाणारी गोवा एक्सप्रेस अधिक सोयीची. मडगावला उतरून पुढे पणजीपर्यंत गाडी करावी लागते. पोहोचल्या दिवशीच मोठ्या जेवणाचा बेत ठेवू नये.

शेवटी गोडाविषयी. बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नारळाचे दूध, अंड्याचा पिवळा बलक, साखर आणि तूप यांचे थरावर थर असलेला हा पदार्थ चौघांत एक तुकडा पुरतो. त्याहून हलका 'आरोश दोस', म्हणजे दुधात शिजवलेला, वर दालचिनीची पूड भुरभुरलेला गोड भात. काही ठिकाणी त्यातही बलक घालतात, म्हणून अंडे न खाणाऱ्यांनी आधी विचारावे. तो कोमट मागवावा आणि एका वाटीबरोबर दोन चमचे.