झडपांची निवड

नळाची चावी फिरविली की पाणी येते, उलट फिरविली की थांबते. ह्या साध्या क्रियेमागे जी वस्तू राबते, तिला झडप म्हणतात. कारखान्यांतून मात्र व्हॉल्व्ह हे नावच अधिक रूढ आहे. साखर कारखान्यातील वाफ असो, दुग्धालयातील दूध असो, की शहराच्या जलवाहिनीतील पाणी असो, त्याला वाट देणे अथवा ती अडविणे हे झडपेचे काम होय. काम एकच दिसले, तरी एकच झडप सर्वत्र चालत नाही.

मोठ्या जलवाहिनीवर पुष्कळदा गेट व्हॉल्व्ह बसवितात. त्याच्या पोटात पाचरीच्या आकाराचा धातूचा पडदा असतो. चाक फिरविले की तो कालव्याच्या दारासारखा वर उचलला जातो आणि पाण्याला सरळ वाट मिळते. पडदा अर्धवट उघडा ठेवला, तर वेगवान पाणी त्याच्या कडेवर आदळत राहते. कड झिजते आणि पुढे पडदा नीट मिटेनासा होतो. म्हणून हा व्हॉल्व्ह एक तर पूर्ण उघडावा, नाही तर पूर्ण मिटावा.

प्रवाह कमीअधिक करावयाचा असेल, तेथे ग्लोब व्हॉल्व्ह घेतात. त्यात पाणी मुरडून जाते आणि वाटेतील गोल छिद्रावर वरून तबकडी दाबून बसते. ती जितकी उचलावी, तितके पाणी. घरातील जुन्या पितळी नळाची रचनाही अशीच असते. वळणामुळे पाण्याचा जोर काहीसा खर्ची पडतो. पण नियंत्रणासाठी तेवढे सोसावे लागते.

बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार भोक पाडलेला गोळा असतो. दांडा नळाला समांतर असला की वाट उघडी, नव्वद अंशांनी फिरविला की बंद. इंधनवायूच्या नळावर ही त्वरा मोलाची. परंतु लांब जलवाहिनीत धावणारे पाणी एकाएकी अडविले, तर त्याचा वेग जाणार कोठे? तो नळाच्या भिंतींना दणका देतो, आणि प्रसंगी नळ फुटतो. तेथे चाकाचा धीमा व्हॉल्व्हच बरा.

ह्या तिन्ही झडपा माणसाच्या हाताने चालतात. विहिरीतील पंपाच्या नळाच्या तळाशी असणारी झडप मात्र पाणी वर चढताना आपोआप उघडते आणि ते परतू लागताच आपोआप मिटते.

सर्वांत महत्त्वाची ती सुरक्षा झडप. १६७९ साली देनी पापँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाफेच्या दाबाने हाडे मऊ करणारे बंद भांडे तयार केले. ते फुटू नये म्हणून त्याने वजनाने दाबून धरलेली झडप योजिली. दाब वाढला की वाफ वजन उचलून बाहेर पडे. कुकरची शिट्टीही ह्याच तत्त्वावर वाजते.

१८३१ साली अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनात एका रेल्वे इंजिनावरील आगवाला ह्या झडपेच्या फुसफुसाटाला त्रासला आणि त्याने ती दाबून धरली, असे सांगतात. आवाज थांबला, पण थोड्याच वेळात बॉयलर फुटला आणि त्या दुर्घटनेत आगवाल्याचा प्राण गेला.

आता अशा झडपेच्या स्प्रिंगचा दाब एकदा ठरवून दिला की ती मोहोरबंद करतात, आणि बॉयलर व ती झडप ह्यांच्यामध्ये बंद करता येईल असा दुसरा कोणताही व्हॉल्व्ह बसवीत नाहीत.