इंग्रजी परीक्षेतील लेख

शालेय इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत 'शाळेच्या मासिकासाठी लेख लिहा' असा प्रश्न आला, की मराठी माध्यमाचा विद्यार्थी आधी मनात मराठी निबंध रचतो आणि मग त्याचे शब्दशः भाषांतर करू लागतो. तेथेच घोडे पेंड खाते. विषय माहीत असूनही गुण जातात. आपल्यापैकी अनेकांना धाकट्या भावंडांचा अभ्यास घ्यावा लागतो, म्हणून हा विचार.

आपण सीमाभागातले विद्यार्थी या चुकीत सहज सापडतो. 'मी उद्या बेळगावला जाईन' हे कन्नडमध्ये 'नानु नाळे बेळगाविगे होगुत्तेने' असे होते. शब्द बदलले, क्रम तोच राहिला. कारण दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत मात्र 'आय विल गो टू बेळगाव टुमारो'. क्रियापद कर्त्यामागोमाग आले आणि 'उद्या' शेवटी गेला. म्हणून 'येऊन, पाहून, करून' अशी लांबलेली वाक्ये इंग्रजीत नेऊ नयेत. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी.

दुसरी बाब मांडणीची. वर शीर्षक, त्याखाली प्रश्नात दिलेले लेखकाचे नाव आणि मग मजकूर. सी. बी. एस. ई.च्या बारावीच्या परीक्षेत अशा लेखाला १२० ते १५० शब्द व ५ गुण असतात. एवढ्या जागेत विषय, कारणे व उपाय असे तीन छोटे परिच्छेद बसतात. पाण्याच्या बचतीवर लिहायचे असेल, तर 'पाणी हेच जीवन' हे घासून गुळगुळीत झालेले वाक्य कशाला? मलप्रभा आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, तेथून सुरुवात करावी आणि शाळेतल्या गळक्या नळापाशी यावे. मासिकाच्या वाचकाला ते आपले वाटते.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा ते सुमारे वीस वर्षांचे होते. त्यात एक स्तंभ मराठी व शेजारचा इंग्रजी असे. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकापर्यंतही मजकूर पोचावा, हा त्यामागचा हेतू. परीक्षेतल्या लेखालाही असाच एक वाचक डोळ्यांसमोर हवा.

सरावासाठी दूर जायला नको. या अंकाच्या मराठी किंवा कन्नड विभागातील एखादा लेख वाचावा, अंक मिटावा आणि त्यातला मुद्दा मित्राला सांगावा तसा दहा सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहावा.