शरणपूरचा आफ्रिकी आश्रम

शरणपूरचा आफ्रिकी आश्रम ही गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात नाशिक येथे चालविलेली संस्था होती.

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि अटलांटिक महासागरात तिच्या अंमलबजावणीसाठी युद्धनौका नेमल्या. पूर्व आफ्रिकेतून अरबस्तान व इराणी आखाताकडे होणारी गुलामांची वाहतूक मात्र त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली. ब्रिटिश आरमार अशी गलबते पकडून त्यांवरील लोकांना मुक्त करीत असे. परंतु त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडल्यास ते पुन्हा गुलाम म्हणून विकले जाण्याचा धोका होता. म्हणून अनेकांना मुंबईस आणले जाई. त्यांतील काही मुलांची रवानगी शरणपूरला होई. तेथे त्यांना लेखन-वाचनाबरोबरच सुतारकाम, लोहारकाम शिकविले जाई.

येथील नऊ तरुण १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या आफ्रिकेतील मोहिमेत सामील झाले. नंतर त्या मोहिमेस मिळालेला शरणपूरचा विद्यार्थी जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला व १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्यविधीत सहभागी झाला.

५ जून १८७३ च्या तहाने झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. पुढे मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली. तिच्या उभारणीत शरणपूरहून गेलेल्या आफ्रिकी कुटुंबांचा मोठा वाटा होता. नाशिकमधील शरणपूर रोड या नावात त्या वस्तीचे नाव आजही टिकून आहे.