शेताचा तुकडा आणि नदीची वीज

जमिनीच्या वाटणीचा प्रश्न ग्रामसेवक बंधूंस नवा नाही. वडिलांची पाच एकर जमीन, मुले चार, आणि प्रत्येकास विहिरीकडील काळ्या रानात वाटा हवा. सातबाराच्या उताऱ्यावर नावे वाढत जातात आणि बांधाशी औत वळविण्यासही जागा उरत नाही. याच प्रश्नाचा विचार करीत एक अर्थशास्त्रज्ञ देशाच्या वीजधोरणापर्यंत येऊन पोहोचला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कार्याचे हे अंग शेतकऱ्यांच्या फारसे परिचयाचे नाही.

सन १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध प्रसिद्ध केला. शेत किफायतशीर आहे की नाही, हे केवळ एकरांवरून ठरत नाही. बैल, अवजारे, भांडवल आणि मनुष्यबळ यांचा मेळ बसतो की नाही, यावर ते ठरते, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. शेतीवर कामापेक्षा हात अधिक आहेत, म्हणून नुसते तुकडे जोडून भागणार नाही. जादा हातांना शेतीबाहेर उद्योग मिळाला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. परंतु उद्योग उभे करावयाचे तर ते कशाच्या बळावर, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर शोधण्याची संधी त्यांना १९४२ मध्ये मिळाली. त्या वर्षीच्या जुलैपासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्या वेळी याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समितीपुढे त्यांनी आपली भूमिका मांडली. वीज स्वस्त हवी आणि विपुल हवी, कारण तिच्यावाचून उद्योगीकरण यशस्वी होणार नाही आणि उद्योगीकरणावाचून दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, असा तिचा आशय होता. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्नही त्यांनी तेथे उपस्थित केला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या निबंधाचा धागा येथे स्पष्ट दिसतो.

त्याच वर्षी, जुलै १९४३ मध्ये, बंगालमध्ये दामोदर नदीने वर्धमानजवळ बांध फोडला. रेल्वे आणि हमरस्ता वाहून गेल्याने कलकत्त्याचा मार्ग तुटला. ते वर्ष बंगालच्या दुष्काळाचेही होते. अशा वेळी बांध उंच करणे हा नेहमीचा उपाय. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत आंबेडकरांनी निराळी दिशा धरली. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार व्हावा आणि पूरनियंत्रण, सिंचन व वीज या तिन्ही कामांची सांगड घालावी, अशी ती दिशा होती. टेनेसी प्राधिकरणातील अभियंता वूरडुइन यांनी आराखडा दिला.

ही सांगड वाटते तितकी सोपी नाही. पुरासाठी जलाशय पावसापूर्वी रिकामा हवा; वीज आणि कालवा यांना तो भरलेला हवा. पूर अडवणारा एक, पाणी सोडणारा दुसरा आणि वीज विकणारा तिसरा, अशी वाटणी झाली तर प्रत्येक जण आपल्यापुरतेच पाहील. म्हणून साऱ्या खोऱ्यासाठी एकच अधिकारी संस्था हवी होती.

नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे महानदीच्या परिषदेतही पुराचे पाणी समुद्रात ढकलून देण्याच्या जुन्या दृष्टीस त्यांनी विरोध केला. पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावानेच माणसाचे अधिक हाल होतात, असे त्यांचे म्हणणे होते. दरम्यान १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले होते, तर आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ १९४५ च्या आयोगात आहे.

दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये अस्तित्वात आले. तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) आणि पंचेत (१९५९) ही धरणे झाली. आराखड्यात सुचविलेली सारी झाली नाहीत. या धरणांखाली संथाळांची व इतरांची गावे बुडाली, आणि त्यांचे पुनर्वसन नीट झाले असे म्हणवत नाही. पुढे महामंडळाची बहुतेक वीज कोळशापासूनच होऊ लागली. जलविद्युतेस एके काळी आपण ‘पांढरा कोळसा’ म्हणत असू. त्या खोऱ्यात अखेर काळा कोळसाच वरचढ ठरला.

आपल्याकडे खेड्यात वीज म्हणजे पंपाची मोटार, एवढाच अर्थ रूढ झाला आहे. २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आली. पंपास दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू आहे, आणि रात्री साप-विंचवांच्या भीतीने पाणी धरणाऱ्या शेतकऱ्यास तिचे मोल सांगावयास नको. तथापि १९१८ च्या त्या निबंधातील जादा हात गावात अजून आहेतच. पाच एकरांतील चौथ्या वाट्याचा मुलगा मोटार चालू करील आणि पाणी धरील, पण त्यानंतरच्या दिवसभरात त्याने काय करावे? डाळीची गिरणी, तेलघाणा, हळद दळण्याचे यंत्र किंवा भाजीपाला साठविण्याचे लहानसे शीतगृह यांतले काय आपल्या गावात चालेल, कच्चा माल किती निघतो आणि त्यास किती अश्वशक्तीची वीज लागेल, याची टिपणे ग्रामसेवक बंधूंनी पंपांच्या यादीबरोबरच तयार ठेवावीत.